बाई, आधीचा आकडा लिहून ठेवू का?



या महिन्यात अपूर्णांकांवरचा पाठ टाकायचं कबूल केलं होतं. तो पुढच्या वेळी नक्की. आज जरा वेगळ्या विषयावर लिहिते आहे, कारण गेल्या आठवड्यात एका पालकांनी शाळेच्या फाटकाशी गाडी थांबवून मला विचारलं, "बाई, पोरासाठी ऑनलाइन वॉकीटॉकी मागवलाय. त्याची आतली सेटिंग उघडून रेंज वाढवता येते म्हणे. व्हिडिओ आहे माझ्याकडे. तेवढं करून द्याल का? तुम्हाला त्यातलं कळतं ना."

माझ्याकडे हौशी रेडिओचं, म्हणजे ज्याला हॅम रेडिओ म्हणतात त्याचं लायसन्स आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. पण अशीच आतली सेटिंग उघडून मी एक चांगला चालता सेट बिघडवून ठेवला होता, हे फारसं कुणाला माहीत नाही. आज ते सांगते. त्याशिवाय त्या पालकांना मी "नाही" का म्हटलं ते कळायचं नाही.

आधी हॅम रेडिओबद्दल थोडं. सरकारची परीक्षा द्यायची, लायसन्स घ्यायचं, मग आपल्याला स्वतःचं एक संबोधन मिळतं आणि ठरवून दिलेल्या लहरींवर आपण आपल्या सेटवरून देशभरातल्या, जमलं तर जगभरातल्या लोकांशी बोलू शकतो. धंद्यासाठी नाही, हौस आणि अभ्यास म्हणून. बारा वर्षं पूर्ण झालेलं मूलही परीक्षेला बसू शकतं, हे सातवीच्या पालकांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. २६ डिसेंबर २००४ ला त्सुनामी आली तेव्हा पोर्ट ब्लेअरला योगायोगाने हॅम मंडळींची एक तुकडी मुक्कामाला होती, आणि फोन बंद पडलेल्या त्या बेटांवरून कितीतरी निरोप त्यांच्या सेटवरून मुख्य भूमीवर पोचले.

मला याची ओढ लागली ती ३ जून २०२० नंतर. निसर्ग चक्रीवादळ आमच्या रायगडावरून गेलं. खांब आडवे, टॉवर मुके. आई पलीकडच्या तालुक्यात एकटी होती आणि चार दिवस तिचा आवाज नाही. पाचव्या दिवशी एक टेम्पोवाला तिची चिठ्ठी घेऊन आला. त्यानंतर मी परीक्षेचं पुस्तक आणलं. डी.एड.नंतर पहिल्यांदाच इतका मन लावून अभ्यास केला असेल.

लायसन्स मिळालं, पण सेट घ्यायला पैसे नव्हते. जिल्ह्यातल्या एका निवृत्त हॅम काकांनी त्यांचा पाच वॅटचा छोटा सेट शाळेत वापरायला दिला. "मुलांना ऐकू दे. बोलायचं मात्र तुम्हीच, लायसन्स तुमचं आहे," एवढंच म्हणाले. पावती नाही, मुदत नाही. ही गोष्ट विसरू नका, कारण पुढे जे मी केलं ते दुसऱ्याच्या वस्तूवर केलं.

सातवीच्या मुलांनी अँटेना केली. ४० मीटर बँडसाठी अर्ध्या लहरीच्या तारेची लांबी मीटरमध्ये काढायला १४३ ला मेगाहर्ट्झने भागायचं. १४३ भागिले ७.१, म्हणजे साधारण २०.१४ मीटर. दशांश चिन्हाच्या भागाकाराला मुलांनी इतक्या आनंदाने हात घातलेला मी दुसऱ्यांदा पाहिला नाही. आंब्याच्या फांदीपासून वर्गाच्या पत्र्यापर्यंत तार ताणली. जमिनीपासून उंची तीन मीटर, कारण त्याहून वर शिडी पोचत नव्हती. सेट लावला. हैदराबाद ऐकू आलं, नागपूर ऐकू आलं. मी हाक मारली की मात्र कुणाचं उत्तर नाही. आठवडाभर असंच. शेवटी एक मुलगी म्हणाली, "बाई, आपला आवाज फाटकाच्या बाहेर जातच नाही वाटतं."

ते मला लागलं. त्या रात्री मी व्हिडिओ शोधला.

हल्लीच्या बहुतेक सेटमध्ये दोन मेनू असतात. एक आपल्यासाठी: आवाज, चॅनेल, दिव्याचा उजेड वगैरे. दुसरा दुरुस्ती करणाऱ्या तंत्रज्ञासाठी. तो पुस्तिकेत नसतो. ठरावीक बटणं दाबून धरत सेट चालू केला की उघडतो. व्हिडिओतला माणूस हसत हसत सांगत होता, की कंपनीने पॉवर मुद्दाम कमी ठेवलीय, हा आकडा इतका करा, बघा कमाल. चार मिनिटांचा व्हिडिओ. खाली लोकांनी धन्यवाद दिलेले.

शनिवारी सकाळची शाळा सुटली. एक मुलगा मागे राहिला होता, तो नेहमीच राहायचा. मी मेनू उघडला. पडद्यावर एका बाजूला क्रमांक, दुसऱ्या बाजूला आकडा, मध्ये एखादं त्रोटक नाव. त्याने विचारलं, "बाई, आधीचा आकडा लिहून ठेवू का?"

मी म्हटलं, "नको रे, चारच बदलायचेत. लक्षात राहतील."

इथे मला स्वतःची लाज वाटते. डी.एड.ला असताना पाठाचं टाचण काढल्याशिवाय आम्हाला वर्गात पाऊल टाकू देत नसत. गेली बारा वर्षं मी मुलांना सांगत आले आहे, की प्रयोगाआधीची नोंद म्हणजे अर्धा प्रयोग. आणि त्याच तोंडाने त्याच मुलाला "नको रे" म्हणाले.

एकाच गोल बटणाने क्रमांकही फिरतो आणि जरा दाबलं गेलं तर आकडाही फिरतो. मी क्रमांक पुढे नेते आहे असं समजून मध्येच दोन-तीन ठिकाणी आकडेच फिरवले असणार. 'बदल ठेवायचा का?' असं तो मेनू विचारत नाही. सेट बंद केला की ठेवला. मला काय माहीत! सेटच्या मीटरवर पट्टी पूर्वीपेक्षा पुढे जाताना दिसली आणि आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या.

रविवारी सकाळी मला पहिलं उत्तर मिळालं. पुण्याकडचे कुणी ज्येष्ठ होते. हॅम लोकांत बाईमाणसाला, मग ती साठीची का असेना, 'वायएल' म्हणजे तरुण मुलगी म्हणायची रीत आहे. ते म्हणाले, "वायएल, तुमचा आवाज फाटतोय. आणि आजूबाजूच्या फ्रिक्वेन्सीवर सांडतोयसुद्धा. काही छेडछाड केलीय का सेटमध्ये?" मी "नाही" म्हटलं. खोटं बोलले. मग घाईघाईने आकडे परत आणायला बसले तेव्हा कळलं, की चार आकड्यांतले मला दोनच आठवतायत, आणि जे चुकून फिरले ते तर कुठले हेच माहीत नाही. बुधवारी बोलता बोलता सेट हाताला चटका बसेल इतका तापला आणि त्याची हवेत जाणारी शक्ती एकदम शून्यावर आली. ऐकू येत होतं, जात काहीच नव्हतं. आमच्या भाषेत सांगायचं तर फायनल उडाले. अँटेनाकडे शक्ती ढकलणारे शेवटचे ट्रान्झिस्टर जळाले.

आता मूळ मुद्दा. त्या मेनूतला आकडा म्हणजे नक्की काय? मला तेव्हा वाटलं होतं की तो हुकूम आहे. जास्त लिहिलं की जास्त पॉवर. तसं नाही. कारखान्यात सेट जोडून झाला की तो टेबलावर ठेवतात, ठरलेला १३.८ व्होल्टचा पुरवठा देतात, अँटेनाच्या जागी ५० ओहमचा डमी लोड लावतात आणि बाहेरच्या, खात्रीच्या वॉटमीटरवर बरोबर पाच वॅट दिसेपर्यंत आतला आकडा हलवतात. जिथे पाच वॅट आले, तो आकडा सेटच्या स्मृतीत ठेवतात. एकाच खोक्यातले दोन ट्रान्झिस्टर तंतोतंत सारखे नसतात. म्हणून एका सेटमध्ये समजा ९० ला पाच वॅट येतील, तर शेजारच्यात १०५ ला. थोडक्यात, तो आकडा शिंप्याच्या वहीतल्या मापासारखा आहे. खांदा चौदा, बाही बावीस. वहीत चौदाचे सोळा केल्याने माणसाचे खांदे रुंद होत नाहीत, फक्त सदरा बिघडतो. आणि मूळ पान फाडलं असेल तर पुन्हा माप घ्यायला माणूसच समोर उभा करावा लागतो. व्हिडिओतला आकडा हे तर दुसऱ्याच गिऱ्हाईकाचं माप!

कित्येकांना वाटतं, काही बिघडलं तर रीसेट करू. बऱ्याच सेटमध्ये रीसेट केल्याने आपल्या मेनूतल्या गोष्टी मूळ पदावर येतात, पण ही मापं येत नाहीत. येणार कुठून? कारखान्यात सगळ्या सेटसाठी मिळून एक माप कधी नव्हतंच.

माझ्या गोष्टीतल्या सेटचं नाव मी मुद्दाम घेत नाही. दोष त्याचा नव्हता. पण हौशी मंडळींत सगळ्यांना ठाऊक असलेलं एक उदाहरण घेऊ. यासू कंपनीचा एफटी-८१७ हा पाठीवरच्या पिशवीत मावणारा सेट जगभर लोकप्रिय झाला. त्याचा असा मेनू तीन बटणं धरून उघडतो हे कुणीही सांगेल. आत बँडवार पॉवरची मापं आहेत, मीटरची आहेत, मूळ फ्रिक्वेन्सीचं आहे, आवाज एका मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेची आहेत, आणि अँटेना बिघडली किंवा प्रवाह वाढला तर शक्ती आवरून धरणाऱ्या संरक्षणाचीही आहेत. सगळी एकाच रांगेत, एकाच चेहऱ्याची. त्या सेटच्या स्मृतीत संगणकाच्या तारेवरूनही लिहिता येतं, पुस्तिकेत न दिलेल्या आज्ञांनी; आणि चुकीच्या जागी लिहिलं की सगळी मापंच विस्कटतात. म्हणून त्या सेटचे जाणते वापरकर्ते नव्या माणसाला एकच गोष्ट सांगतात: आधी सगळे आकडे कागदावर उतरवून घे. म्हणजे तो मुलगा जे म्हणाला तेच.

रांग एक असली तरी धोका सारखा नाही, आणि पालकांनी एवढा फरक तरी समजून घ्यावा असं मला वाटतं. ऐकण्याच्या बाजूचं एखादं माप चुकलं तर फार तर खरखर वाढेल, मीटर खोटं दाखवेल. हे मीटरचं प्रकरण मजेशीर आहे. समोरच्याचा आवाज किती जोरात येतोय ते दाखवणारी पट्टी असते, तिचंही माप त्याच मेनूत. ते वाढवलं की सगळ्यांचे आवाज जोरदार 'दिसायला' लागतात. प्रगतिपुस्तकातले गुण खोडून 'अ' श्रेणी लिहिण्यातलाच प्रकार. आणि पॉवर दाखवणारी पट्टीसुद्धा तशीच. मी ज्या पट्टीवर टाळ्या वाजवल्या ती खरं बोलत होती की नाही, हे मला सांगता येणार नाही, कारण तिचंही माप कदाचित माझ्याच हाताने हललं होतं. बाहेरचा मीटर माझ्याकडे नव्हता. परीक्षा मीच घेतली, उत्तरपत्रिका मीच लिहिली आणि तपासलीही मीच.

मूळ फ्रिक्वेन्सीचं माप हा मधला प्रकार. दहा लाखात एक एवढी चूक झाली तर ७ मेगाहर्ट्झवर ती ७ हर्ट्झची होते, कुणाच्या लक्षातही येत नाही. तीच ४३५ मेगाहर्ट्झवर ४३५ हर्ट्झची होते आणि बोलणाऱ्याचा सूर बदलतो. (गुणोत्तराच्या पाठासाठी हे उदाहरण घेऊन बघा, मुलांना 'दहा लाखात एक' म्हणजे काय ते झटकन कळतं.) थंड सेट चालू करून लगेच कुणाच्या तरी आवाजाशी हे जुळवायला गेलं तर बरोबर असलेलं माप चुकीचं करून ठेवलं जातं.

बोलण्याच्या बाजूची मापं मात्र विस्तवाशी खेळ. हिशेब करून बघू. पाच वॅटचा सेट बोलताना साधारण दोन अँपिअर घेतो. १३.८ गुणिले २, म्हणजे २७.६ वॅट आत गेले. बाहेर गेले पाच. उरलेले बावीसहून जास्त वॅट कुठे गेले? उष्णता. एवढ्याशा पेटीत. तिचं कवच, तिचे ट्रान्झिस्टर तेवढ्याच हिशेबाने बसवलेले असतात. त्यात आपण पॉवर वाढवली, आणि वर संरक्षणाचं माप नकळत ढिलं केलं, तर अँटेनाची तार तुटली किंवा नीट जुळली नाही तरी सेट स्वतःला सावरत नाही. विजेच्या पेटीतला फ्यूज काढून तिथे जाड तार घालणारे महाभाग आपण पाहिलेत. तोच प्रकार, फक्त इथे तार दिसत नाही, आकडा दिसतो.

बरं, मिळवलं काय? पाचचे सात वॅट केले तर समोरच्याला फरक पडतो साधारण दीड डेसिबलचा. सहा डेसिबल झाले की मीटरवरची एक पायरी. म्हणजे मी पाव पायरीसाठी सेट जाळला. पूर्ण एक पायरी चढायला पाचाचे वीस वॅट लागतात, आणि ते त्या पेटीतून कधीच निघाले नसते.

इथपर्यंत नुकसान माझं, किंवा खरं तर काकांचं. पण रेडिओत नुकसान घरात राहत नाही. आवाज मर्यादेत ठेवणाऱ्या यंत्रणेचं माप वाढवलं की आवाज फाटतो आणि शेजारच्या जागेत पसरतो. पुण्याचे ते गृहस्थ 'सांडतोय' म्हणाले ते हेच. ७.१ मेगाहर्ट्झवर अशुद्ध बोललं तर त्याची दुप्पट, १४.२ वरही उमटू शकते. मी काय सांडते आहे हे मला माझ्या सेटवर दिसत नाही. ते बघायला स्पेक्ट्रम अ‍ॅनालायझर लागतो, तो माझ्यासारखीच्या घरी कुठला?

आणि आता त्या पालकांच्या वॉकीटॉकीकडे येते. स्वस्तातल्या हातातल्या सेटमध्ये लोक 'उघडायला' बघतात ती पॉवर तर असतेच, पण त्याहून जास्त बोलण्याची हद्द. आपल्याकडे हौशींना दोन मीटरच्या बँडमध्ये १४४ ते १४६ मेगाहर्ट्झ दिलेत. त्याच्या खाली ११८ ते १३७ मध्ये विमानांचं बोलणं चालतं. वर १५६.८ मेगाहर्ट्झ म्हणजे समुद्रावरचा चॅनेल १६, जहाजांनी आणि होड्यांनी संकटात हाक मारायची जागा. आमच्या शाळेतल्या निम्म्या पोरांचे बाप मासेमारीला जातात. हद्द काढून टाकलेला सेट घेऊन एखादा मुलगा धक्क्यावर गंमत म्हणून चॅनेल १६ वर गाणं म्हणाला, तर त्या वेळी कुणाच्या होडीत पाणी शिरत असेल आणि त्याची हाक दबून जाईल, ती होडी त्याच्याच शेजाऱ्याची असू शकते. मी त्या पालकांना हेच सांगितलं. ते स्वतः खलाशी होते. त्यांनी गाडीचं इंजिन बंद केलं आणि पुढचं नीट ऐकलं.

या हातातल्या सेटसाठी संगणकावरचे फुकट प्रोग्रॅम मिळतात. चर्प नावाचा एक प्रसिद्ध आहे आणि चांगला आहे, मीही वापरते. बाओफेंगच्या यूव्ही-५आर या सेटला तो जोडला की 'सर्व्हिस सेटिंग्ज' असं एक पान दिसतं. तिथे बहुतेक करून खरखर कुठल्या पातळीला दाबायची याचे आकडे आहेत. ते जपून, नोंद ठेवून हलवले तर फार बिघडत नाही, काही वेळा उपयोगही होतो. मुलं चूक करतात ती वेगळीच: मित्राच्या सेटची फाईल घेऊन सरळ आपल्या सेटमध्ये टाकतात. बाहेरून दोन्ही सेट सारखे, आतली रचना वेगळी, आणि पुन्हा शिंप्याचीच वही आली. आधी आपल्या सेटमधली फाईल वाचून घ्यायची, तिची एक प्रत न बदलता बाजूला ठेवायची आणि मगच दुसरीत हात घालायचा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि लायसन्स नसताना यातल्या कुठल्याही सेटवरून हौशींच्या बँडमध्ये बोलायचं नाही. मग पॉवर कमी असो की जास्त.

आमच्या हॅम मंडळींत यावर दोन मतं आहेत. काही ज्येष्ठ म्हणतात, मुलांना असा मेनू असतो हे सांगूच नका. सांगितलं की हात शिवशिवतात. मला हे पटत नाही, आणि त्यांचा मान ठेवून मी ते इथे लिहिते आहे. सातवीच्या मुलाला फोनवर तो व्हिडिओ आज ना उद्या सापडणारच. मग त्याला पहिल्यांदा कुणी सांगावं, हसत हसत "कमाल बघा" म्हणणाऱ्या माणसाने की त्याच्या बाईंनी? 'लपवलेलं' या शब्दातच खरी गडबड आहे असं मला वाटायला लागलंय. लपवलेलं म्हटलं की खजिना वाटतो, कंपनीने आपल्यापासून काहीतरी अडवून ठेवलंय असं वाटतं. मी फसले ती तिथेच. 'मापांचं पान' असं त्याचं नाव असतं तर मी उघडलंही नसतं, किंवा उघडलं असतं तर पेन घेऊन. कंपन्यांनीही ही मापं छापून खोक्यात एक चिठ्ठी टाकायला काय हरकत आहे? एवढा महाग सेट देता, त्यासोबत त्याचं जन्मपत्र नको का?

पण दुसऱ्या टोकाचं मतही मला मान्य नाही. "सेट माझा, मी काहीही करीन, त्यातूनच शिकेन." मोडण्यातून शिकणं होतं, कबूल. मी स्वतः रेडिओ खोलूनच शिकले. पण खोललेला स्क्रू डोळ्यांसमोर पडलेला असतो, पुसलेला आकडा नसतो. आणि मोजायला काहीच नसेल तर आपण काय बिघडवलं, काय सुधारलं हे कळत नाही, मग शिकणार काय? माझी अट एवढीच: जे माप बदलायचं ते बाहेरून मोजायचं साधन हातात नसेल, तर त्या मापाला हात नाही. पॉवरला वॉटमीटर आणि डमी लोड. संरक्षणाच्या मापांना तर साधन असलं तरी नाही, ते जाणत्याचं काम.

काकांकडे सेट घेऊन गेले तेव्हा पोटात गोळा होता. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, आणि विचारलं, "बाई, जुने आकडे आणलेत का?" ओरडले असते तर बरं झालं असतं. मी मान खाली घातली. तेव्हा माझ्यासोबत आलेल्या त्या मुलाने दप्तरातून विज्ञानाची वही काढली आणि मागचं पान पुढे केलं. मी नको म्हणायच्या आधी, मेनू उघडत असतानाच त्याने पहिले अकरा आकडे उतरवून घेतले होते. काकांनी ते पान बराच वेळ पाहिलं. अकराही आकडे सेटमध्ये होते तसेच होते. मी बिघडवलेले सगळे त्यापुढचे.

त्यांच्या ओळखीच्या एका तंत्रज्ञाने नवे ट्रान्झिस्टर बसवले. पैसे मी दिले, काका घेत नव्हते. मापं पुन्हा बसवायच्या दिवशी मी त्या मुलाला त्याच्या आईला विचारून सोबत नेलं. टेबलावर डमी लोड, वॉटमीटर, अँपिअरमीटर, सिग्नल देणारं यंत्र. तंत्रज्ञ एकेक बँड लावायचा, बाहेरच्या मीटरकडे बघत आकडा हलवायचा, थांबायचा आणि म्हणायचा, "लिही." दुपारी सुरू केलेलं काम दिवेलागणीला संपलं. मध्ये वडापाव आला तेव्हासुद्धा पोराने वही सोडली नाही.

सेट दोन महिन्यांनी शाळेत परत आला. तोवर मुलांनी दोन सुपाऱ्यांच्या झाडांना कप्प्या बांधून ठेवल्या होत्या. बागायतदार आजोबांनी स्वतः वर चढून बांधल्या, शिडीचा प्रश्नच मिटला. तीच २०.१४ मीटरची तार तीनऐवजी नऊ मीटर उंचीवर गेली. पॉवर तीच, पाच वॅट. चौथ्या दिवशी संध्याकाळी नागपूरने उत्तर दिलं, सातशे किलोमीटरच्या आसपास अंतरावरून. पुण्याचे ते गृहस्थही महिनाभराने पुन्हा भेटले. त्यांना मी आधीचं खोटं सांगून टाकलं. ते हसले आणि म्हणाले, आम्ही तरुणपणी लोखंडी कपाटाएवढे सेट जाळलेत.

वॉकीटॉकीवाल्या पालकांना मी म्हटलंय, मुलाला शनिवारी पाठवा. सेट तूर्त खोक्यातच राहू दे, सोबत दोनशे पानी वही द्या. परीक्षेचं पुस्तक माझ्याकडे आहे.

त्या मापांची वही आता शाळेच्या कपाटात सेटशेजारी असते. सगळे क्रमांक, त्यांच्यापुढे आकडे, तारीख आणि मोजणाऱ्याची सही. एका ओळीपुढे मात्र आकडा लिहून त्या मुलाने कंसात प्रश्नचिन्ह काढलंय. ते माप कशाचं, हे तंत्रज्ञालाही सांगता आलं नव्हतं, म्हणून त्याने त्याला हात लावला नव्हता.